बापाच्या वाट्याची वाक्यं

"माझा बाप चर्चच्या गायनमंडळात तीस वर्षं गायला? अरे, कुणाचा बाप हा?" एफुवाने कच्ची प्रत काउंटरवर आपटली. "माझ्या बापाने तोंड उघडलं की कोंबड्या पळायच्या! आणि हे काय, 'विद्यार्थ्यांचे लाडके गुरुजी'? अंगठा लावायचा तो, अंगठा!"

एबोने वाचलं आणि त्याचे कान तापले. मागच्या शनिवारी पुरलेल्या नुनू मास्तरांचा मजकूर. नाव बदललं, तारखा बदलल्या, मधला परिच्छेद तसाच राहिला. चूक त्याचीच होती, म्हणून तो आणखी भडकला.

"मग तुम्हीच लिहा ना, ताई! आठवड्याला तीन-तीन मेलेले येतात माझ्याकडे. कुणाकुणाचं लक्षात ठेवू?"

"लिहिता येत असतं तर तुझ्या दारात आले असते का रे, शहाण्या?"

मशीनमागून एबोच्या मामांनी डोकं काढलं. छापखाना त्यांचा. कव्हरवर फोटो, आत जीवनचरित्र, मग बायकोची श्रद्धांजली, मुलांची, नातवंडांची, चर्चची. त्यांच्या अंत्यविधीच्या पुस्तिकेशिवाय या गावात कुणी जमिनीखाली जात नाही.

"चिडू नकोस गं, एफुवा. पुस्तिकेत सगळे बाप सारखेच असतात. प्रेमळ, देवभीरू, शिस्तीचे. गाणं काढून टाकतो, झालं."

"प्रेमळ पण काढा."

मामांनी डोकं परत आत घेतलं.

एफुवा स्टुलावर टेकली. अंगाला धुरी दिलेल्या माशांचा वास, कपाळावर दुखवट्याची काळी पट्टी. आवाज एकदम खाली आला. "शनिवारी मला वाचायचंय. थोरली मी. समोर अख्खा किनारा बसलेला असणार. त्यांनी आम्हाला रोज भांडताना पाहिलंय रे. 'प्रेमळ पिता' म्हटलं की पहिल्या बाकावर हशा. आणि नाही वाचलं, तर म्हणतील, बाप मेला तरी पोरीने अबोला सोडला नाही. मला खरं काहीतरी दे वाचायला."

"भांडायचात कशावरून?"

"माशांवरून. दुसरं काय होतं आमच्यात? त्याची होडी लागली की मी टोपली घ्यायला जायची. बाकीचे मोठे मासे वर मांडतात, बारीक खाली दडवतात. हा उलटा! वर बोटभर मासे, मोठे सगळे तळाला. मी वरचे बघायची आणि तोंड सोडायची. तोही सोडायचा. घरी येऊन धुरीच्या भट्टीपाशी टोपली उपडी केली की खाली हे एवढे!" तिने कोपरापर्यंत हात दाखवला. "तोंडाने कधी गोड बोलला नाही मेला. दुसऱ्या दिवशी परत तेच."

"तुम्हाला माहीत होतं, तरी भांडायचात?"

"नसते भांडले तर त्याने काय केलं असतं सकाळी?"

ती गेल्यावर एबोने नुनू मास्तर पुसून टाकले आणि कोऱ्या पानाकडे बघत बसला.

तर, एबोची एक कादंबरी होती. म्हणजे तिचं पहिलं प्रकरण अकरा वेळा लिहून झालं होतं. राजधानीतल्या एका गुप्तहेराची, आणि एबो राजधानीत एकदाच गेला होता, दात काढायला. शाळा त्याने मुख्याध्यापकांशी भांडून सोडली ती याच कादंबरीसाठी, असं तो सांगायचा. एफुवाच्या बापासाठीही त्याला तशीच सुरुवात सुचली: 'पहाटेच्या धूसर प्रकाशात क्वामिना आर्थर समुद्राकडे पाहत उभा होता.' उभा होता तो उभाच राहिला. दोन तास. एकदा डोळे चोळले त्याने, एकदा सुस्कारा सोडला. होडी काही पाण्यात उतरेना.

बुधवार होता. बुधवारी वाचनालयात मॅडम बेंटसिल लिहिणाऱ्या पोरापोरींना जमवायच्या. बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या: पत्र, अंगाई, तक्रार अर्ज, रेडिओवरची जाहिरात. जे येईल ते लिहायचं. तीन आठवड्यांपूर्वी एबोला 'नाटक' आलं होतं. "मी कादंबरीकार आहे," म्हणून त्याने सगळ्यांसमोर चिठ्ठी फाडली आणि निघून आला. त्यानंतर त्या रस्त्यानेसुद्धा गेला नव्हता.

आज गेला. दारातच उभा राहिला.

"या, कादंबरीकार," मॅडम म्हणाल्या. पोरं फिसकन हसली. एबो वळलाच होता, पण मॅडमनी त्याचं अकरावं पहिलं प्रकरण पुढे केलं. त्यांच्याकडेच राहिलं होतं ते. पानभर शाई. "बघ जरा. तुझी माणसं दार उघडतात, खुर्चीवर बसतात, खुर्चीवरून उठतात, दार लावतात. मला झोप आली. आणि इथे, तुझा गुप्तहेर केंकी, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे, विकणाऱ्या बाईशी मासळीच्या तुकड्यावरून भांडतो, तिथे मी चहा ठेवायचा विसरले."

"ती जागा फालतू आहे. काढणार होतो मी."

"बाकीचं काढ. तुला माणसं ऐकू येतात, एबो. दिसायला वेळ लागेल अजून. कादंबरी काय पळून चाललीय? सतराचा आहेस. आधी गाणं लिही, भांडण लिही, कुणाचं पत्र लिहून दे. काय जमतं ते हाताला कळू दे. मी जन्मभर कविताच करीन म्हणाले होते, आणि माझं एकच लिखाण लोकांना पाठ आहे: पाण्याच्या नळासाठी केलेला अर्ज."

"नळ आला?"

"नाही. पण अर्ज चांगला होता."

एबोला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. तो कोपऱ्यात जाऊन बसला. एफुवाचं वाक्य लिहिलं. खाली बापाचं. मग तिचं. बापाचं लिहायला त्याला काहीच करावं लागेना. लहानपणापासून किनाऱ्यावर तो आवाज ऐकलेला. 'हे मासे म्हणायचे की माशांची पिल्लं?' 'तुझ्या भट्टीला एवढेच पचतात. नाही तर धूरच करते ती.' दोन पानं झाली. शेवटच्या टोपलीपाशी एफुवा बोलत राहते आणि पलीकडून उत्तर येत नाही.

गुरुवारी त्याने छापखान्यात दोन्ही आवाजांत वाचून दाखवलं. एफुवा आधी हसली, मोठ्याने, मांडीवर हात मारून. मग पदर तोंडात धरला. मामा मशीन बंद करून उभे होते.

"पण त्याचं कोण वाचणार?" तिने विचारलं. "माझे भाऊ नाही म्हणतील."

भाऊ नाहीच म्हणाले. कुळाचे प्रमुख तर काठी आपटत छापखान्यात आले. "श्रद्धांजली आहे की बाजार? चर्चमध्ये भांडण?"

"आजोबा," एबो म्हणाला, "हे भांडण तुम्ही कधी ऐकलं नव्हतं?"

म्हाताऱ्याने काठी काखेत धरली. "रोज," तो म्हणाला. "माझं घड्याळ होतं ते." दारातून जाताना पुटपुटला, "चार मिनिटं. पाचवं नको. आणि बापाचं वाचणारा घरचा नको, सगळे रडके आहेत."

शनिवारी सकाळी एबो मामांचा काळा शर्ट घालून छापखान्यासमोर उभा होता. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. बापाची वाक्यं त्याच्याच वाट्याला आली होती. हातातले कागद घामाने मऊ झाले होते. आयुष्यात त्याने चार लोकांसमोर काही वाचलं नव्हतं. पळून जावं का, असा विचार दोनदा करून झाला होता. तेवढ्यात मॅडम बेंटसिल आल्या, दुखवट्याच्या लाल-काळ्या कपड्यांत.

"भीती वाटतेय?"

"नाही," एबो खेकसला. मग म्हणाला, "हो. मॅडम, मी अडखळलो तर लोक तिला हसतील. मला नाही."

"अडखळलास तर थांब. तिचा बापही थांबायचा. खोकायचा मध्येच. बुधवारी येणार ना?"

"डब्यात अंगाई आहे अजून?"

"आहे."

"ती नको मला."

"चिठ्ठी निवडता येत नाही, कादंबरीकार."

तो काही तरी झणझणीत बोलणार होता, पण चर्चची घंटा झाली. रस्त्याच्या टोकाला एफुवा उभी होती, दोन्ही हात कमरेवर.

"एबो! तिथे काय करतोस रे? माझा बाप तरी वेळेवर यायचा!"

"मॅडम, जाऊ द्या, मला आता निघायला हवं," एबो म्हणाला आणि बाह्या सारत एफुवाकडे धावला.