पोटात पाच वॉशर

लोखंडाची वीट समजून माझ्यावर डबा ठेवू नका, मित्रांनो. मी साचा आहे, गाळ्यातल्या बोलीत डाय. वसईत गोखिवऱ्याच्या एका पत्र्याच्या गाळ्यात मी एकवीस वर्षं काढली. माझ्या दोन जाड पाट्यांच्या आत सहा गोल खळगे आहेत. त्यात रबर भरायचं, प्रेसखाली तापवून दाबायचं, की वाटीसारखे सहा वॉशर तयार. हापसा पाणी वर ओढतो तो या वॉशरच्या जोरावर. वॉशर झिजला की कितीही दांडा मारा, घाम येईल, पाणी येणार नाही.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगतो. दीडशे अंशांवर जन्म गेला, शांत कसा राहीन?

माझे वॉशर जायचे आफ्रिकेत, मलावी नावाच्या देशात. तिथे एका मोठ्या मदत योजनेने गावोगाव हापसे बसवले होते. आमच्या सदानंदशेठना त्याचा केवढा अभिमान! एका हापशाच्या उद्घाटनाचा फोटो त्यांनी गाळ्यात देवाशेजारी लावला होता. माझ्या सहाव्या खळग्याचा टवका उडाला होता, तिथला वॉशर रोज फेकावा लागे. तरी शेठ म्हणत, "पाच तर पाच, पण माझी डाय सोन्याची आहे." खोटं कशाला बोलू, मी फुशारून गेलो होतो.

वॉशरच्या कडा कापायला मार्था होती, पाचूबंदरची. घरचे दोन हंडे नळावर भरून मगच ती कामाला यायची. नळ आला नाही की उशीर, आणि उशीर झाला की बोलणी. बारा वर्षांपूर्वी योजनेने मलावीतल्या एका बाईला हापशाची दुरुस्ती शिकायला आमच्याकडे पाठवलं. तिचं नाव एस्नाट. तीन आठवडे ती मार्थाशेजारी बसली. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं. मार्थाच्या डब्यातलं बोंबलाचं कालवण ती बोटं चाटून खायची. जाताना तिने माझ्यावर हात ठेवून डोळे मिटले. मी तेव्हा गार होतो, हे तिचं नशीब.

मग योजना संपली. किती हापसे बसले ते त्यांनी मोजलं, अहवाल छापला आणि मंडळी आपापल्या घरी गेली. पुढे वॉशर कोण देणार, हे कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. नवी योजना आली ती सौर पंपांची, आणि तीही पाणी नसलेल्या मोठ्या गावांसाठी. एस्नाटचं गाव लहान. शिवाय तिथे हापसा आहे, म्हणजे पाणी आहे, अशी नोंद. माझी मागणी बंद पडली. प्रेसवर गाड्यांची पायपुसणी निघू लागली आणि मी फळीवर धूळ खात पडलो.

गेल्या वर्षी मार्थाच्या फोनवर एस्नाटचा आवाज आला. हापशाचा शेवटचा वॉशर फाटला होता. तिने जुन्या चपलेचा तळ गोल कापून बसवला, तो पंधरा दिवस चालला. आता तिची नात चिकोंडी नदीचं पाणी भरत होती. त्याच नदीत गुरंही उतरतात.

मार्था शेठसमोर उभी राहिली. "शेट, एकदाच डाय लावू द्या. तिच्याकडे पानी नाय."

"मार्था, कागदावर तो हापसा चालू आहे. चालू हापशाला वॉशर कोण मागवणार?"

"पन पानी नाय ना येत."

शेठनी चष्मा काढून पुसला. "जेवणाच्या सुट्टीत काय ते कर. मी बाहेर जातो."

त्या दुपारी मी पुन्हा तापलो. मित्रांनो, किती बरं वाटलं म्हणून सांगू! पाच वॉशर निघाले, एकापेक्षा एक. मार्थाने ते पार्सल करून पोस्टाने धाडले.

पार्सल तिकडच्या कस्टममध्ये अडकलं. सुटे भाग सोडायला पाणी खात्याचं पत्र हवं होतं. एस्नाट दिवसभराचा प्रवास करून त्या खात्याच्या कचेरीत गेली. तिथल्या माणसाने वही उघडून दाखवली: तुमचा हापसा चालू आहे, पत्र कशाला? ती परत आली. पुढच्या निरोपात ती एवढंच म्हणाली, "चिकोंडीला जुलाब होतायत. दवाखान्यात नेतेय." त्यानंतर निरोप नाही. मार्था रोज फोन लावायची, तो लागत नसे.

गेल्या सोमवारी पार्सल परत आलं. त्याच सकाळी शेठनी जुन्या साच्यांबरोबर मलाही भंगारात काढलं होतं. मार्थाने पार्सल फोडलं आणि पाचही वॉशर माझ्या खळग्यांत परत बसवले. पत्त्याच्या कागदाचा बोळा करून तो फुटक्या सहाव्यात कोंबला. "घे. तुझे तुझ्यापाशी ठेव," ती म्हणाली आणि तिथेच खाली बसून रडली. मी तिच्यावर रागावलो नाही. दमलेल्या माणसावर काय रागवायचं?

आता मी गोखिवऱ्यातच एका भंगारवाल्याच्या आवारात पडलो आहे. शनिवारी गाडी येईल आणि मला भट्टीकडे नेईल. माझं काही नाही, मला तापायची सवय आहे.

मित्रांनो, कुठे हापशाला हार घातलेला दिसला तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा, याचा वॉशर कोण देणार? पण ते पुढचं. आधी इकडे या. गंजलेल्या पंख्यांच्या खाली मी आहे. मला उघडा. पाच वॉशर अजून नवे आहेत, तिकडे जाणाऱ्या कुणाच्याही खिशात मावतील, आणि कागद चुरगळलेला असला तरी एस्नाटचा पत्ता वाचता येतो.

आज गुरुवार आहे.