जुळ्या बहिणींचे एकच माप

मित्रांनो, हसायचे असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये थांबावे लागणार नाही. मी एक जुना पट्टा आहे. कमरेला बांधतात तसला किरकोळ पट्टा नव्हे. छातीच्या खालून निघून पोट, कंबर, मांड्या असे सगळे कवेत घेत मी गुडघ्याच्या जरा वर येऊन थांबतो. माझा रंग कातडीचा आहे असे खोक्यावर लिहिले होते, पण तसल्या रंगाची कातडी मी आजवर कोणाची पाहिली नाही. पुढच्या बाजूला मला बत्तीस हुक आहेत. अंगातली चरबी नळीने ओढून काढण्याची शस्त्रक्रिया झाली, की त्या माणसाला सहा आठवडे माझ्यासारख्याच्या ताब्यात देतात. सूज चढू नये, आत पाणी साचू नये आणि कातडी नीट बसावी म्हणून दिवसरात्र दाबून धरणे, हे माझे काम.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्याच ताग्यातली भावंडे नशीबवान निघाली. कोणी पोहण्याचा पोशाख झाले, कोणी खेळाडूच्या गुडघ्यावर जाऊन बसले आणि टाळ्या ऐकू लागले. मला तपासणाऱ्या बाईने दोन्ही हातांनी ताणून पाहिले आणि सोडले. मी फटकन तिच्या बोटांवर बसलो. "आई गं! चावरा आहे मेला," असे म्हणत तिने मला पास केले. माझे झालेले हे पहिले कौतुक. पुढे फारसे झाले नाही, म्हणून लक्षात आहे.

माझी आणि धाकटीची पहिली भेट झाली तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. डॉक्टरांनी तिच्या कमरेची आणि मांड्यांची चरबी काढून, त्यातली चांगली निवडून, बारीक सुईने तिच्या बसलेल्या गालांत भरली होती. दोन नर्स मिळून मला तिच्यावर चढवू लागल्या. एक ओढत होती, दुसरी हुक लावत होती. शेवटच्या हुकापर्यंत दोघींनी हात टेकले होते. मी मात्र पहिल्याच दिवशी कामाला लागलो आणि जीव तोडून आवळले.

तिला धाकटी म्हणतात, कारण तिची जुळी बहीण तिच्या अकरा मिनिटे आधी जगात आली. त्या अकरा मिनिटांच्या जोरावर थोरली आजपर्यंत तिच्याकडून ताई म्हणवून घेते. दोघी त्रेपन्न वर्षांच्या. खाली त्यांचे शिवणकामाचे दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. दोघींचा चेहरा एक, आवाज एक, अंगकाठी एक. गिऱ्हाईक एकीला बाह्यांची लांबी सांगून जाई आणि बाह्या आखूड झाल्या म्हणून दुसरीवर डाफरे. याचा एक फायदाही होता. थोरलीचा कोट शिवायचा झाला तर धाकटी घालून बघे, आणि धाकटीचा झगा थोरलीच्या अंगावर टाचला जाई. तीस वर्षांत दोघींनी एकमेकींना कधी टेप लावला नव्हता. "आमचं माप एकच," असे त्या सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगत.

मग हे शस्त्रक्रियेचे कसे निघाले? दुकानात कपडा घालून बघायच्या जागी समोरून आणि दोन्ही बाजूंनी दाखवणारा तीन भागांचा आरसा आहे. एकदा धाकटी गिऱ्हाइकाच्या मागे बसून टाचण्या लावत होती. तिने सहज मान वर केली. त्या संध्याकाळी जेवताना ती बोलून गेली, "आज आरशात तू दिसलीस, ताई. इतकी ओढलेली, गाल बसलेले. काळजात चर्र झालं माझ्या. मग कळलं, ती मीच होते." आणि दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांची वेळ घेतली.

मित्रांनो, तिला बिचारीला वाटले, आपण आपल्याविषयी बोललो. पण ज्या तोंडाला ती नावे ठेवत होती, तेच तोंड समोर बसून घास चावत होते. थोरली ताट घेऊन उठली आणि त्या दिवसापासून तिने अबोला धरला.

म्हणजे मी घरी आलो तेव्हा एकीचे तोंड सुईने फुगले होते आणि दुसरीचे रागाने. पण माझे बत्तीस हुक काही एकट्या माणसाला लावता येत नाहीत. रोज सकाळी धाकटीची अंघोळ झाली, की थोरलीला यावेच लागे. बहिणीशी बोलायचे नाही असा तिचा पण, आणि सूचना दिल्याशिवाय हुक लागत नाहीत ही माझी रचना. शेवटी तिने तोड काढली. ती माझ्याशी बोलू लागली.

"पट्ट्या, तुझ्या बाईसाहेबांना सांग, श्वास आत घ्या म्हणावं."

धाकटी श्वास आत घेई.

"पट्ट्या, सांग तिला, सूप गार होतंय. आणि कुशीवर झोपायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. काल रात्री उशी गालाला लागली होती."

मी काय सांगणार? मी आपला आवळत होतो. तिसऱ्या दिवशी मला पहिल्यांदा उतरवले, तेव्हा सगळे रक्त एकदम मोकळे झाल्यासारखे होऊन धाकटीला घेरी आली. थोरलीने तिला काखांत हात घालून झेलले आणि "अगं अगं अगं!" असे तीनदा ओरडली. नंतर ती मला म्हणाली, "ते बोलण्यात धरायचं नाही, पट्ट्या."

धाकटीचे हाल बघवत नव्हते, पण हसू आवरत नसे. चष्मा गालांवर टेकवायचा नाही अशी ताकीद होती, म्हणून तिने चष्म्याच्या काड्यांना इलास्टिक बांधून तो कपाळावरून टांगला होता. चेहरा आधी जांभळा झाला, मग हिरवट, मग पिवळा. डोळे एवढेसे आणि गाल एवढाले. हसले तर दुखे आणि रडले तर डोळे अजून सुजत. "माझ्या मांडीचं गालात आलंय," ती छताकडे बघत म्हणे. "आता मांडी अवघडली तर चोळू काय?" थोरली ओठ घट्ट मिटून जिन्यापर्यंत जाई आणि तिथे तोंडावर ओटा पुसायचे फडके दाबून हसे. एकदा मात्र धाकटी खरोखर घाबरून म्हणाली, "ताई, मी आता अशीच राहणार का गं?" त्यावर थोरली मला म्हणाली, "पट्ट्या, सांग तिला, सूज आहे ती, उतरते. आणि आरसे मी सगळे झाकून ठेवलेत."

दुसरा आठवडा संपता संपता ती घटना घडली, जिच्यामुळे माझ्या आयुष्याला डाग लागला. तुम्ही जवळून बघितलेत तर तो अजून दिसेल.

मी आवळतो म्हणजे वळही उठवतो. धाकटीच्या कमरेवर आणि जांघेपाशी लाल पट्टे उमटले होते. एका सकाळी हुक लावताना थोरलीचे बोट त्या वळावर गेले आणि धाकटी कळवळली. थोरलीने उरलेले हुक अलगद लावले. पण मित्रांनो, ती हाडाची शिंपीण. कपडा अंगाला चावता कामा नये, हे तिने उभ्या जन्मात पाळलेले तत्त्व. जिच्या हातून चावणारा कोट कधी दुकानाबाहेर गेला नाही, तिच्या घरात, तिच्या बहिणीला, एक परका पट्टा रोज चावत होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी धाकटी अंघोळीला गेली तशी थोरली मला धुवायच्या निमित्ताने उचलून खाली घेऊन गेली. तिने माझ्या दोन्ही बाजूंची शिवण उसवली. मग आजवरच्या सवयीने, हुक लावलेलेच ठेवून, तिने मला स्वतःच्या अंगावर चढवले, आरशावरची चादर सारली आणि टाचण्या लावू लागली. जिथे तिला काचले तिथे तिने मला सोडले. कमरेच्या दोन्ही बाजूंना लवचीक कापडाची एकेक कळी, म्हणजे सैल करणारा तिकोनी तुकडा, घातली, जांघेपाशी अस्तर लावले आणि शिवण इतकी सुबक मारली की कारखान्याला लाज वाटावी. तिचा ना श्वास कोंडला, ना तिला वाकताना टोचले. "आता कसा माणसात आलास," ती मला म्हणाली.

माझे मन मात्र खट्टू झाले होते. चावणे हीच माझी विद्या होती आणि तीच तिने मायेपोटी काढून घेतली होती. माझ्यात बोलायची सोय असती, तर त्या दिवशी मी ओरडलो असतो.

चार दिवस धाकटी खूश होती. "आज पट्टा किती मऊ वाटतोय!" ती म्हणाली. थोरली लगबगीने सूप आणायला वळली, पण तिचे कान लाल झाले. पाचव्या दिवशी धाकटीची डावी बाजू फुगली. हात लावला की आत पाणी हलल्यासारखे वाटे. तिचा चेहरा पांढराफटक पडला, म्हणजे पिवळ्यातून जितका पडू शकतो तितका. "बिघडलं सगळं," ती म्हणाली. "ताई, माझं काहीतरी बिघडलं." थोरलीने दुकानाला कुलूप लावले आणि तिला दवाखान्यात नेले.

नर्सने मला उतरवले, उलटे केले आणि कळीवर बोट ठेवले. "हे कोणी केलं?"

"मी," थोरली म्हणाली. "चावत होता तिला. मी माझ्या अंगावर घालून नीट बसवलाय. आमचं माप एकच आहे."

नर्सने एकीकडे पाहिले, मग दुसरीकडे. ती बाई काही दुष्ट नव्हती. तिने अगदी सरळपणे सांगितले, "होतं. आता नाही. तुमच्या मापाने हा त्यांच्या अंगावर नुसता लोंबतोय, म्हणून पाणी साचलं."

थोरलीच्या तोंडात मारल्यासारखे झाले. डॉक्टरांनी सुईने पाणी काढले, घाबरण्यासारखे काही नाही म्हणाले, आणि मला पुन्हा घट्ट करून वापरायला सांगितले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, फक्त थोरलीचा नाही. 

वर आल्यावर ती थेट बहिणीशी बोलली. मी घरी आल्यापासून पहिल्यांदाच.

"तोंड वेगळं झालं. माप वेगळं झालं. आता तरी झालं तुझ्या मनासारखं?"

"माझ्या मनासारखं काय त्यात, ताई?"

"तुला माझ्याकडे बघून कीव आली होती. त्रेपन्न वर्षं हेच तोंड घेऊन मीही फिरतेय. ते इतकं वाईट होतं, तर मला काय वाटलं असेल?"

धाकटी मला पोटाशी धरून पलंगावर बसली होती. "कीव नाही गं," ती म्हणाली. "भीती वाटली. वाटलं, ही आजारी आहे आणि मला सांगत नाहीये. ही गेली तर मी काय करू? मग मी हात हलवला तर आरशातलीचाही हात हलला. इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, म्हातारी मी झालेय, ताईला काही नाही झालं. हेच सांगणार होते, पण तू ताट घेऊन उठलीस."

थोरली पलंगाच्या कडेला टेकली. "मग गाल कशाला भरलेस?"

"मला हवे होते म्हणून. तुझ्यासारखं नसलेलं एवढं एक मला हवं असू शकतं ना?"

"असू शकतं," थोरली म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. ते पाहून धाकटीही रडू लागली. तशी थोरली घाबरली. "तू रडू नकोस! गालातलं विरघळेल!"

"रडून नाही गं विरघळत."

"तुला काय माहीत? डॉक्टर म्हणालेत ना, थोडं जिरतं म्हणून? गप्प बस आधी!"

मग थोरली खाली जाऊन टेप घेऊन आली. धाकटीला खिडकीशी उभे करून तिने तिच्या कमरेभोवती टेप धरला. जन्मभर लोकांची मापे घेणारे ते हात, पण बहिणीला टेप तीस वर्षांत पहिल्यांदा लावत होते.

"पोट चोरू नकोस."

"चोरायला ठेवलंय काय तिथे?"

"दुखतंय कुठे? खरं सांग."

"इथे. आणि इथे जरा. बाकी कुठे नाही."

थोरलीने प्रत्येक जागी बोट ठेवून विचारले आणि प्रत्येक आकडा कागदावर उतरवला. मग कळ्या काढल्या आणि मला त्या मापाने शिवले. पूर्वीपेक्षा घट्ट, पण जिथे दुखते म्हणून तिने सांगितले होते तिथे मऊ. मी पुन्हा चावू लागलो, आणि या वेळी शिव्याही कमी बसल्या.

सहा आठवडे झाले आणि माझी सुटी झाली. धाकटीच्या गालांतले थोडे जिरले, थोडे राहिले. राहिले ते तिला शोभते. गिऱ्हाइके आता दोघींत चुकत नाहीत. शाळेत शिकवणाऱ्या एक गिऱ्हाईक बाई दारातूनच थोरलीला ओळखून "ताई" अशी हाक मारतात, आणि थोरली रागावल्याचे सोंग करत लगबगीने पुढे होते. मी आता कपाटात तळाशी असतो. माझे सात हुक पडले, ताण गेला, आणि महिनोन्महिने मला कोणी हात लावत नाही.

तक्रार नाही, मित्रांनो. एवढेच सांगतो. आपले माणूस कितीही आपल्यासारखे असले, तरी त्याचे दुखणे स्वतःच्या अंगावर घालून बघून कळत नाही. त्याच्याजवळ जावे लागते आणि कुठे दुखतंय ते विचारावे लागते. आणि माझ्यासारखा एखादा ढिला, कळकट पट्टा तुमच्या घरात सापडला, तर त्याने फरशी पुसू नका. कोणीतरी आतून मोडले होते, तेव्हा त्याने त्या माणसाला धरून ठेवले होते.