नोनोंनी शिवलेला पडदा

शाळेच्या उघड्यावरच्या सिनेमासाठी भाड्याचा पडदा शिबेनिक शहरातून आणायचा, तर आम्ही पालकांनी जमवलेले सगळे पैसे त्यातच गेले असते. म्हणून मीच म्हटलं, आपण घरी करू. प्रोजेक्टर शाळेचा होता. मुलांच्या सुट्टीच्या एका बंद पडलेल्या कॅम्पच्या सहा चादरी स्वस्तात मिळाल्या, जाडजूड, कोपऱ्यात निळा शिक्का मारलेल्या. उभं करायला सासऱ्यांच्या तळघरातल्या दोन जुन्या डोलकाठ्या होत्याच.

सासऱ्यांना आमच्या बेटावर सगळे येर्कोबार्बा, म्हणजे येर्कोकाका, म्हणतात. माझी मुलगी पेरीना त्यांना नोनो, म्हणजे आजोबा, म्हणते, म्हणून मीही नोनोच म्हणते. चाळीस वर्षं त्यांनी इथल्या होड्यांची शिडं शिवली. आता शिडं शहरातून तयार येतात. आठ वर्षं त्यांच्या सुईला काम नव्हतं. मी चादरी घेऊन गेले तेव्हा त्यांनी एक कोपरा बोटांत चोळून पाहिला आणि विचारलं, "उंची किती? रुंदी किती? वारा कुठून?"

"नोनो, सिनेमा आहे. वाऱ्याचं काय त्यात?"

"वाऱ्याचं सगळ्यात असतं," ते म्हणाले, आणि चष्मा शोधायला लागले.

आठ दिवस ते तळघरात बसून होते. जेवायला हाक मारली की "येतो, एवढी शिवण होऊ दे" म्हणायचे. पेरीना त्यांच्या पायाशी बसून दोऱ्याला मेण लावायची. तिच्या बोटांना मेणाचा वास यायचा, आणि मी तिला कुशीत घेतलं की तो माझ्या उशीला लागायचा. शिक्के त्यांनी एकूण एक मागच्या बाजूला घेतले होते. मी ते कौतुकाने पाहिलं, पण बोलून दाखवलं नाही.

जुलैतल्या एका शनिवारी संध्याकाळी सात वाजता चर्चच्या सावलीत पडदा चढवला. चार पुरुषांनी दोर ओढले आणि पडदा मधोमध फुगला. वारा पडलेला होता, तरी फुगला. शिडाच्या कापडाची कड किंचित गोल कापतात, म्हणजे शिवल्यावर त्याला पोट येतं आणि ते वारा धरतं. नोनोंच्या हातांना दुसरी कड कापताच येत नव्हती. सहाही चादरी त्यांनी तशाच कापल्या होत्या.

प्रोजेक्टर लावून पाहिला. अंधूक चित्रात एक नवरी पायऱ्या उतरत होती आणि तिचा मधला भाग चांगलाच पुढे आला होता.

"अगं बाई, हिला नववा लागलाय," शेजारची झोर्का म्हणाली. "धर्मगुरूंना सांगा, लग्न लवकर उरका."

सगळे हसले. नोनोही हसले. मग मी म्हटलं, "नोनो, शीड कशाला शिवलंत? कुठे जायचंय आपल्याला, इटलीला?"

पुन्हा हशा झाला. या वेळी नोनो हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, परत घातली. "अर्धा तास दे, वेद्राना. दोन्ही बाजूंनी चुण्या घेतो. पोट जाईल."

"वेळ कुठे आहे? राहू द्या, मी मशीनवर शिवण मारून आणते."

त्यांच्या हातात सुई होती, दोरा ओवलेली. मी पडदा खाली घ्यायला लावला आणि गोळा करून घरी नेला. त्यांचे टाके ब्लेडने उसवले. इतके घट्ट होते की दोनदा बोट कापलं. आठ दिवसांचं काम तासाभरात उसवलं. कडा सरळ कापून धडाधड शिवण मारली आणि नऊ वाजता धावत परत आले.

तर चर्चपासून आणलेली विजेची वायर सहा मीटर कमी पडत होती. कोणाचा तरी भाऊ दुसरी आणायला गेला. पाऊण तास आम्ही सगळे नुसते बसून भाजलेले तारली मासे खात होतो. त्या पाऊण तासात नोनोंच्या चुण्या आरामात घालून झाल्या असत्या.

सिनेमा छान दिसला. पडदा टेबलासारखा सपाट. घाईत एक शिक्का पुढे आला होता, तो पूर्ण वेळ सिनेमातल्या आकाशात दिसत राहिला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. नोनोंची खुर्ची पेरीनाने पहिल्या रांगेत धरून ठेवली होती. ती रिकामीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "काल आला नाहीत."

"डोळे दुखत होते."

माफ करा म्हणायला तेव्हा मला तोंड होतं. पण पेरीना रडायला लागली, भांडी पडली होती, आणि ते राहून गेलं. मग रोज राहून जात गेलं.

या वर्षी पुन्हा सिनेमा ठरला. पडदा मोठा करायचाय, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर तो पुरेसा मोठा होता. दोन नव्या चादरी घेऊन मी नोनोंकडे गेले. ते अंगणात बदाम फोडत होते. पेरीना शेजारी तोंड उघडून बसली होती.

"नोनो, एवढ्या जोडून द्याल? कशाही द्या. पोट आलं तरी चालेल."

त्यांनी चादरीचा कोपरा बोटांत धरला, चोळला, आणि घडी नीट करून माझ्या हातात परत ठेवली.

"तुझं मशीन आहे ना, पोरी," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. त्यांनी एक बदाम सोलून पेरीनाच्या तोंडात घातला आणि दुसरा माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला, आणि चादरी उचलून घरी आले.