कच्च्या घराण्यातली पक्की दाढ

मी एक जुनी दाढ आहे. नागपूरच्या हुडकेश्वरात राहणारी हिमानी पहिलीत होती, तेव्हा तिच्या दुधाच्या दातांमागे मी उगवले. आता ती नववीत आहे. पक्क्या दातांत सगळ्यांत आधी मी आले, म्हणून मला थोडा तोरा आहे, मित्रांनो, आणि तो मी लपवणार नाही.

घराणं मात्र मिळालं दातांचं कच्चं. हिमानीचे आबाजी, म्हणजे आईचे वडील, कुही गावचे रामाजी, चाळिशीतच कवळी लावून बसले. आई शामलाबाईंच्या दाढा एकेक करून उपटल्या गेल्या. कुणाचा दात ठणकला की घरात ठरलेलं वाक्य, "आपल्या घराण्यात असंच असते." मग ब्रश तरी कशाला मनापासून फिरेल?

पुढे हिमानी अंगानं सुटली. शाळेत पोरी चिडवू लागल्या. शामलाबाईंनी उपाय काढला लिंबू-मधाच्या पाण्याचा. सकाळचा एक ग्लास कमी वाटला, म्हणून शाळेच्या बाटलीतही तेच. पोरगी दिवसभर घोट घोट पीत राही. अरे बापरे! वजन वाढतं म्हणून चहातली साखर बंद, आणि मध मात्र दिवसभर माझ्या डोक्यावर! मला खड्डा पडला. गार पाणी लागलं की हिमानी गाल धरून बसे.

दवाखान्यात शामलाबाईंनी खुर्चीजवळच सांगून टाकलं, "काढूनच टाका जी मॅडम. माह्या बाबाचे गेले, माहे गेले, हिचेबी जातीनच."

माझी तर पाचावर धारण बसली. पण दाताच्या डॉक्टर हर्षा मॅडमनी मला नीट ठोकून पाहिलं, एक्स-रे काढला आणि म्हणाल्या, "काहून काढू? मूळ चांगलं आहे. त्या बाटलीत काय आहे वं?"

"लिंबू-मध. वजनासाठी," शामलाबाई अभिमानानं म्हणाल्या.

"दिवसभर हेच पिऊन राहिली ही? मंग दातांले आराम कधी भेटते?"

हिमानीनं मान खाली घालून विचारलं, "मी जाडी आहे म्हणून किडली काय?"

"नाई वं. दातांचा कच्चेपणा घराण्याकडून येऊ शकते. त्यात वजन वाढलं की काही लोकांत धोका आणखी वाढते, असं दिसते. पण धोका म्हणजे कीड नाही. खाणं, पिणं, ब्रश तर तुह्याच हातात आहे ना?"

हिमानीनं मान वर केली. "मले ही दाढ पाहिजे, मॅडम. काढू नका."

शाब्बास माझी वाघीण! खड्डा साफ झाला, वर सिमेंट बसलं. बाटलीत साधं पाणी आलं. रात्री ब्रश झाला की तोंडाला कुलूप. संध्याकाळी ती मैदानावर खो-खो खेळू लागली. वजनाचा काटा थोडाच खाली आला, पण दम लागेनासा झाला आणि चिडवणाऱ्या पोरीच तिला आपल्या संघात ओढू लागल्या. वर्षानं हर्षा मॅडमनी प्रत्येक दात तपासला. नवी कीड एकही नव्हती! शामलाबाई तिथंच रडल्या आणि जाताना स्वतःच्या उरलेल्या दातांसाठी नंबर लावून आल्या.

दिवाळीला कुहीला गेलो. हिमानीनं मूठभर फुटाणे तोंडात टाकले आणि मी कडाकड फोडले. रामाजी कान देऊन ऐकत होते.

"बापा बापा! आयकलं काय, शामले? आपल्या घरचे दात आहेत ते!" असं म्हणून त्यांनी सगळ्या अंगणाला बोलावलं. मला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं.

मित्रांनो, घराण्याकडून काय यावं हे कुणी विचारून देत नाही. पण आलेल्याला सांभाळता येतं. तुमच्या घरी कुणी "आपल्यात असंच असते" म्हणून दात उपटायला निघालं, तर त्यांना आधी थांबवा. मी हिमानीच्या तोंडात अजून जागेवर आहे.