दहा हजार सात

आईने भट्टी कायमची विझवली, तेव्हा तळहाताएवढ्या फरश्या निघाल्या दहा हजार सात. तिची नजर पुरती जायच्या आत त्या बसवायच्या होत्या, आणि सगळ्याच्या सगळ्या. "एकही भिंतीला टेकून राहिली तर मला चालणार नाही," असं तिने बजावलं होतं. बसवणारी थोरली लेक. बाईमाणसाला सरळ ओळ कुठून यायची, म्हणणाऱ्यांची अख्खी घरं तिने सरळ करून दिली होती.

चौकोन जमला म्हणजे झालं. किती ओळी, ओळीत किती?

सातने भागलं. चार उरल्या.

तेराने: दहा. म्हणजे वाढल्याच की!

तेवीसने फक्त दोन, आणि थोरलीचा जीव भांड्यात पडता पडता राहिला.

एकोणतीसने पुन्हा दोनच. जणू त्याच दोघी, दुसऱ्या दाराने आलेल्या.

"ताई, शंभराच्या शंभर ओळी घाल," धाकटा भाऊ म्हणाला. "वरच्या सात फोडून टाक."

"तुझी सात बोटं फोडते," आतून आई. "उरलेल्या तिनांनी जेव."

एकतीस. सदतीस.

दुपारी खडू हातात असतानाच थोरलीचा डोळा लागला. फरश्या उठल्या, हात धरून रांगा करू लागल्या. प्रत्येक रांगेबाहेर कुणीतरी उरायचं, की लगेच सगळ्या हात सोडून नव्याने रांगा लावायच्या. कुणी रडत नव्हतं. फक्त मातीचा किणकिण आवाज येत होता, दुरून आल्यासारखा.

सत्त्याण्णव. सोळा उरल्या. तिने खडू खाली ठेवला. याहून मोठ्या आकड्याने भाग गेला असता, तर त्याचा धाकटा जोडीदार आधीच सापडला असता.

"आई, या संख्येला भागच जात नाही गं."

"कशानेच?"

"एकाने जातो."

"मग एकावर भागव. तेवढं सांगायला तीन दिवस लावलेस?"

थोरली हसली. मग हसायची थांबली.

एक ओळ. एकाच फरशीची रुंदी.

आईच्या पलंगापासून सुरुवात. उंबरठा. अंगण. गल्ली.

"आमच्या दारावरून कुठे निघालीस?" शेजारीण.

"संपेल तिथे."

दीड महिना ओळ चालत राहिली. शिवणकामाच्या दुकानासमोरून, शाळेच्या कुंपणाला वळसा घालून, उतारावरून, गवतात. शेवटची फरशी पाण्यापाशी बसली. मागे काही उरलं नाही.

तोवर आईच्या डोळ्यांत नुसता दुधाळ उजेड राहिला होता. तिने अनवाणी पाऊल टेकवलं. मध्ये फरशी गुळगुळीत, दोन्ही कडांना माती खरखरीत. थोरलीने हात पुढे केला.

"सोड. इथे एकच माणूस मावतं."

"पडशील."

"पडले तर तुझी ओळ कुठे चुकली ते कळेल."

आई निघाली. थोरली दारात उभी राहिली. गल्लीच्या टोकाशी ओळ डावीकडे वळत होती. आई तिथे पोचली, क्षणभर तळव्याने चाचपलं, आणि वळली.