चंद्राला लागलेला गुंडा

ब्राह्मणपुरीत गोफणीला पितांबरच्या तोडीचा हात नव्हता, आणि जिभेला तर नव्हताच. जोंधळा दाण्यात आला की तो पाखरं राखायला शेतातल्या माळ्यावर चढायचा. तिथून सुटलेला त्याचा दगडाचा गुंडा तापीपल्याडच्या पोपटाची चोच मोडून परत यायचा, असं तोच सांगायचा.

सत्तावन्न साली रशियानं आभाळात माणसाच्या हातचा चंद्र सोडला. निजाम रेडिओवाल्यानं शेतकरी भाईदासच्या ओट्यावर त्याचा आवाज लावून दिला. पीं, पीं, पीं. पण दिवस मावळल्यावर आलेला तो आवाज थरथरायचा, बुडायचा, पुन्हा वर यायचा.

"मन्हा गुंडा लागना त्याले," पितांबर म्हणाला.

झालं. चंद्र जखमी आहे आणि पडला तर भाईदासच्या उभ्या जोंधळ्यावरच पडणार, हे गावानं ठरवून टाकलं. दुसऱ्या सांजेला, चंद्र यायच्या आत, भाईदास आणि त्याचा भाऊ धुडकू माळ्याशी आले. त्यांनी पितांबरला तंगडी धरून खाली ओढलं, त्याची गोफण भाईदासनं आपल्या कमरेला खोचली. त्याचे दोन दात शिडीवरच राहिले. लाथांखाली बरगडी कडाडली. ओट्यावर आणून त्याचा उजवा हात उखळाच्या काठावर ठेवला. धुडकूनं मनगट दाबलं, भाईदासनं मुसळ उचललं.

हात गेला तर पितांबरची नुसती जीभच उरणार होती. "मी खोटं बोलनू भो," तो रक्त थुंकत म्हणाला. "मन्हा गुंडा चिंचनाबी वर जात नही."

तेवढ्यात रेडिओ बोलू लागला. पीं, पीं. आणि आवाज थरथरला.

"भाईदासभाई, गोफण तर तुमच्या कमरेला आहे, तरी आवाज थरथरलाच," निजाम म्हणाला. "वर लई उंच विजेनं भारलेली हवा असते. ऊन गेलं की ती शिजत्या पिठल्यागत फुगे काढते. त्यातून येताना आवाज डळमळतो. चंद्राला काही झालेलं नाही."

मुसळ भिंतीला टेकलं. मनगट सुटलं. कुणी पाण्याचा तांब्या दिला.

"चिंचनाबी वर जात नही म्हने," धुडकू म्हणाला आणि ओटा हसला. पितांबरची बायको जसोदाबाईसुद्धा पदराआड हसली.

दात सोसले, बरगडी सोसली. ते हसू काही पितांबरला सोसवेना.

"तो कालना दुसरा गुंडा व्हता," तो म्हणाला. "इतलं उंच जावाले येळ लागस. आते पोहचना."

भाईदासनं मुसळ पुन्हा उचललं. हाड मोडल्याचा आवाज मात्र एकदाच आला, स्वच्छ, जराही न थरथरता.