चांदमारीवर मला लाज वाटली

मित्रांनो, कानपूरच्या कारखान्यात घडलेली मी एक जुनी कार्बाईन, म्हणजे आखूड नळीची बंदूक आहे. परभणी जिल्ह्यात येऊन मला तीस वर्षं होत आली. जिंतूरकडच्या माळावर पोलिसांची चांदमारी, म्हणजे नेमबाजीचा सराव असला की मला पुसून, तेल लावून बाहेर काढत. "हिचा नेम चुकत न्हाई," असं कुणी म्हटलं की मी फुगून जाई. आजची गोष्ट मात्र लाजेची आहे.

सुनेत्रा सेलूकडची, नवी शिपाई, उंचीनं बेताची. शिकवायला पंडितराव हवालदार होते, धिप्पाड माणूस. ते सगळ्यांना स्वतःसारखंच उभं करत: निशाणाकडे एक खांदा करून, गुडघे ताठ. त्यांच्या वजनाला ते चालून जाई. सुनेत्रानं घोडा दाबला की माझा धक्का तिला मागे रेटायचा, नळी वर उठायची आणि गोळ्या निशाणावरून निघून जायच्या. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा पंडितराव साऱ्या तुकडीसमोर ओरडले, "बंदूक लय चांगली हाय. तुझ्याच अंगात दम न्हाई! जा, टपाल वाटत बस."

ती मान खाली घालून गेली. माझ्या धक्क्यानं तिचा खांदा काळानिळा झाला होता. दोष उभं राहण्यात होता, हे मला ठाऊक होतं. तरी स्वतःची स्तुती ऐकून मला बरं वाटलं. त्याचीच लाज आजही जात नाही.

सहा महिन्यांनी राजेश्री मॅडम शिकवायला आल्या. बांध्यानं सुनेत्राएवढ्याच. त्या निशाणाकडे सरळ तोंड करून उभ्या राहिल्या. डावा पाय जरा पुढे, गुडघे सैल, अंग पुढे झुकलेलं. माझा धक्का त्यांच्या पायांत जिरून गेला. सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या.

पंडितराव बघतच राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, एका पोरीवर माझ्या हातून अन्याय झालाय."

मॅडमनी सुनेत्राला टपालाच्या कामावरून बोलावून घेतलं, तसंच उभं केलं. पहिल्याच खेपेला नेम बसला. पंडितराव तिला बाजूला घेऊन पुटपुटले, "चूक माझी होती, बाई."

"सर, तवा तुमी समद्यांसमोर बोललात," ती म्हणाली. "हे बी समद्यांसमोर बोला."

पंडितराव रांगेपुढे गेले. दोनदा खाकरले. "सुनेत्राचा काही दोष नव्हता. मीच तिला चुकीचं उभं केलं." सुनेत्रानं मला उचललं आणि पुन्हा निशाणासमोर जाऊन उभी राहिली.

मित्रांनो, कुणाला जमत नाही म्हणण्याआधी त्याला कसं उभं केलंय ते बघा. आणि दुसऱ्याला बोल लावला जात असताना तुमची वाहवा होत असेल, तर गप्प राहू नका. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.